सामायिक दिनदर्शिकेतील रंगसंकेत : स्वरूप, मर्यादा आणि व्यवस्था

काळाच्या नोंदीत आणि लेखनात रंगाचा उपयोग संकेत म्हणून करण्याची प्रथा नवी नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या तांबड्या शाईने दर्शविलेली आढळते, आणि छापील मराठी दिनदर्शिकेत रविवार व सार्वजनिक सुट्ट्यांचे आकडे लाल छापण्याचा परिपाठ आजही चालू आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील लाल आकडा म्हणजे सुट्टी, हे अद्याप धड वाचता न येणाऱ्या मुलालाही समजते. ही सुबोधता रंगाच्या अंगी स्वभावतःच असते, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, छापखान्यातून निघालेली प्रत्येक प्रत सारखी असते. आणि दुसरी, संकेत ठरविणारा एकच असून तो संकेत वर्षानुवर्षे बदलत नाही.

गेल्या दोन दशकांत विद्यापीठीय विभाग, ग्रंथालये, रुग्णालये आणि कार्यालये यांच्या कामकाजात रूढ झालेल्या सामायिक डिजिटल दिनदर्शिकेत या दोन्ही अटींपैकी एकही पुरी होत नाही. तेथे प्रत्येक पाहणाऱ्यासमोरची प्रत वेगळी असू शकते आणि संकेत ठरविणारे अनेक असतात. तरीही रंग वापरणारे लोक छापील दिनदर्शिकेवरचा विश्वास मनात धरूनच तो वापरतात. यातून जे गोंधळ उद्भवतात, ते बहुधा निष्काळजीपणाच्या खात्यावर मांडले जातात. परंतु त्यांचे मूळ रंगाच्या तांत्रिक स्वरूपात आणि मानवी दृष्टीच्या मर्यादांत आहे. त्या मुळाचा विचार करून, सामायिक दिनदर्शिकेत रंगसंकेताची व्यवस्था कोणत्या तत्त्वावर उभारावी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रंग कोठे साठविलेला असतो?

एका संगणकावर केलेली नोंद दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर जशीच्या तशी उमटावयाची, तर नोंदीचा आराखडा सर्व संगणकप्रणालींना मान्य असावा लागतो. 'आयकॅलेंडर' या नावाने ओळखला जाणारा असा आराखडा नोव्हेंबर १९९८ मध्ये 'आरएफसी २४४५' या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाला, आणि सप्टेंबर २००९ मध्ये 'आरएफसी ५५४५' या सुधारित दस्तऐवजाने त्याची जागा घेतली. या आराखड्यात नोंदीचे शीर्षक, आरंभ, समाप्ती, स्थळ, वर्ग, प्राधान्य, गोपनीयता आणि स्थिती यांना स्वतंत्र रकाने आहेत. स्थितीच्या रकान्यात तर 'तात्पुरती', 'निश्चित' आणि 'रद्द' असे तीन पर्यायही नेमून दिलेले आहेत. रंगाला मात्र या आराखड्यात स्थानच नव्हते. नोंद म्हणजे काय, याची व्याख्या करणाऱ्यांनी रंगाला नोंदीचा भाग मानले नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आरएफसी ७९८६' ने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आणि रंगासाठी एक रकाना जोडला. तथापि त्याची शब्दयोजना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. दिलेला रंग प्रणालीने वापरलाच पाहिजे, असे तेथे म्हटलेले नाही. प्रणाली तो वापरू शकते, एवढेच म्हटले आहे. शिवाय हा रंग संकेतस्थळांच्या रचनेसाठी ठरलेल्या १४७ रंगनामांच्या यादीतून नावानेच द्यावयाचा असतो. त्या यादीत 'डार्कग्रे' नावाचा करडा रंग केवळ 'ग्रे' म्हटलेल्या रंगापेक्षा फिकट आहे. वेगवेगळ्या उगमांची नावे एका यादीत एकत्र आल्यामुळे ही विसंगती निर्माण झाली. रंगाचे नाव आणि डोळ्यांना दिसणारा रंग यांचे नाते किती सैल असते, याचा हा बोलका पुरावा होय.

प्रत्यक्ष वापरातील सेवांकडे वळल्यास हे सैलपण अधिकच स्पष्ट होते. एप्रिल २००६ मध्ये सुरू झालेल्या गूगल कॅलेंडरमध्ये रंगाचे दोन थर आहेत. पहिला थर संपूर्ण दिनदर्शिकेच्या रंगाचा. हा रंग दिनदर्शिकेत साठविला जात नाही, तर ती दिनदर्शिका पाहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या खासगी यादीत साठविला जातो. म्हणून 'परीक्षा' नावाची एकच दिनदर्शिका विभागप्रमुखांना जांभळी आणि संशोधक विद्यार्थ्याला हिरवी दिसू शकते, आणि त्या दोघांनाही या भेदाची कल्पना नसते. दुसरा थर सुट्या नोंदीच्या रंगाचा. हा रंग नोंदीबरोबर साठविला जातो आणि ती दिनदर्शिका पाहणाऱ्या इतरांनाही दिसतो. परंतु निमंत्रण पाठविल्यावर निमंत्रिताच्या स्वतःच्या दिनदर्शिकेत जी प्रत तयार होते, तीत तो उतरत नाही. शिवाय या सेवेने नोंदीच्या रंगासाठी मूळ रंग न साठविता क्रमांक साठविण्याची पद्धत अवलंबिली. अनेक वर्षे नोंदींसाठी असे ११ आणि दिनदर्शिकांसाठी २४ क्रमांक ठरलेले होते. २०१७ मध्ये या सेवेचे रूप बदलले तेव्हा एक आधुनिक आणि एक पारंपरिक असे दोन रंगसंच उपलब्ध झाले, आणि एकाच क्रमांकाची नोंद दोन व्यक्तींना दोन वेगळ्या छटांत दिसू लागली.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधील योजना निराळी आहे. तेथे नोंदीला रंग न देता वर्गाचे नाव दिले जाते. त्या नावाला कोणता रंग द्यावयाचा, हे प्रत्येकाच्या टपालपेटीशी जोडलेली एक मुख्य वर्गसूची ठरविते. या सूचीसाठी २५ रंग उपलब्ध असतात. साहजिकच, नोंद करणाऱ्याने दिलेला 'मौखिकी' हा वर्ग दुसऱ्याच्या सूचीत नसेल, तर त्याला केवळ नाव दिसते. रंग दिसत नाही. आणि दुसऱ्याच्या सूचीत ते नाव असून त्याला वेगळा रंग दिलेला असेल, तर तो वेगळाच रंग दिसतो.

या सर्व योजनांत एक समान सूत्र आहे. शब्द प्रवास करतो. रंग प्रवास करीत नाही, किंवा केल्यास वाटेत बदलतो. शीर्षक, वर्गनाम आणि दिनदर्शिकेचे नाव या गोष्टी खऱ्या अर्थाने सामायिक असतात. रंग हा बहुतांशी पाहणाऱ्याच्या बाजूस निर्माण होणारा परिणाम होय. म्हणून 'रंगाचा अर्थ सर्वांनी लक्षात ठेवावा' अशी सूचना काढणे म्हणजे, प्रत्येकाच्या हातातील ग्रंथाची पृष्ठसंख्या वेगळी असताना केवळ पृष्ठांक सांगून संदर्भ देण्यासारखे आहे.

२. विभाजनाचे तत्त्व

तांत्रिक अडचण क्षणभर बाजूला ठेवली आणि सर्वांना एकच रंग दिसतो असे गृहीत धरले, तरी दुसरा प्रश्न उरतोच : रंगाने नेमके काय सांगावयाचे? एका नोंदीविषयी निदान पाच गोष्टी सांगता येतात. ती कोणत्या प्रकारची आहे, कोणाची आहे, कोठे आहे, किती महत्त्वाची आहे आणि तिची स्थिती काय आहे. व्यवहारात एकाच दिनदर्शिकेत हे पाचही निकष एकमेकांत मिसळलेले दिसतात. हिरवा रंग व्याख्यानांसाठी, निळा एका विशिष्ट प्राध्यापकासाठी, लाल तातडीसाठी आणि राखाडी रद्द झालेल्या कार्यक्रमांसाठी अशी योजना हळूहळू आकार घेते. मग त्या प्राध्यापकाचे तातडीने ठेवलेले व्याख्यान कोणत्या रंगाचे, या प्रश्नाला उत्तर राहत नाही. तर्कशास्त्रात ज्याला संकरविभाजनाचा दोष म्हणतात, तो हाच. एका वेळी एकच विभाजनतत्त्व असावे, या प्राथमिक नियमाचा येथे भंग झालेला असतो.

ग्रंथालयशास्त्राने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचा गाभाच असा की, विषयाला अनेक पैलू असतात आणि प्रत्येक पैलू चिन्हांकनात स्वतंत्र जागी व्यक्त झाला पाहिजे. हे तत्त्व दिनदर्शिकेस लागू केल्यास मार्ग सोपा होतो. स्थळाला स्थळाचा रकाना आहे, स्थितीला स्थितीचा आहे, व्यक्तींना निमंत्रितांची यादी आहे. ज्या पैलूंना स्वतःचे घर आहे त्यांच्यासाठी रंग खर्च करण्याचे कारण नाही. रंगाच्या वाट्याला एकच पैलू यावा, आणि तो म्हणजे नोंदीचा प्रकार. कारण आठवड्याकडे एक दृष्टिक्षेप टाकल्यावर प्रथम जो प्रश्न मनात येतो, तो 'या दिवसांत अध्यापन किती आणि परीक्षा किती' असाच असतो.

महत्त्वाची चढउतार दर्शविण्यासाठी रंग का वापरू नये, याचे उत्तर फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ जाक बेर्तँ यांच्या १९६७ मधील चिन्हमीमांसेत मिळते. दृश्य चिन्हांच्या गुणधर्मांचे विश्लेषण करताना त्यांनी दाखविले की, रंगच्छटा वेगळेपणा दाखवू शकते, पण क्रम दाखवू शकत नाही. निळा, नारिंगी आणि जांभळा यांपैकी श्रेष्ठ कोणता, हे डोळा सांगत नाही. फिकटापासून गडदापर्यंतची चढण मात्र क्रम सुचविते. म्हणून 'लाल सर्वांत महत्त्वाचा, त्याखाली नारिंगी, त्याखाली पिवळा' ही उतरंड केवळ स्मरणावर जगते. डोळ्यांचा तिला आधार नसतो.

लाल रंगाची स्थिती तर मराठी वाचकाच्या बाबतीत विशेष विचारार्ह आहे. इशारा आणि तातडी यांचा रंग म्हणून कार्यालयीन जगात लाल रूढ झाला आहे. परंतु घरोघरच्या दिनदर्शिकेने शिकविलेला अर्थ याच्या अगदी उलट आहे. तेथे लाल म्हणजे काम नाही. एकाच पडद्यावर हे दोन संस्कार समोरासमोर आले, तर कोणता प्रभावी ठरेल हे व्यक्तीगणिक बदलेल. सुट्ट्यांसाठी लाल राखून ठेवणे आणि तातडी शब्दांनी सांगणे, हाच यावर सुरक्षित उपाय होय.

३. डोळ्यांच्या मर्यादा

उपलब्ध रंगांची संख्या आणि वापरण्याजोग्या रंगांची संख्या यांत मोठे अंतर आहे. ख्रिस्तोफर हीली यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काळजीपूर्वक निवडलेले सुमारे सात रंग एकत्र असताना त्यांपैकी हवा तो रंग डोळा झटकन शोधू शकतो, असे आढळले. हे रंग प्रयोगशाळेत एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेले होते. तयार रंगसंचातून मनास येईल तसे उचललेले नव्हते. त्यामुळे व्यवहारात चार ते सहा हीच मर्यादा शहाणपणाची ठरते.

संख्येइतकाच नावांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये अनेक भाषांचा अभ्यास करून मूलभूत रंगनामांची संख्या जास्तीत जास्त ११ असते, असा सिद्धांत मांडला. त्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. परंतु मूलभूत नावांच्या पलीकडे गेल्यावर मतैक्य कमी होते, हा अनुभव साडीच्या दुकानात कोणासही येतो. चिंतामणी, गुलबक्षी, अबोली, मोरपंखी ही मराठीतील नावे सुंदर आहेत. पण हातात कापड नसेल तर दोन माणसे त्यांच्या छटेविषयी एकमत होतीलच असे नाही. गूगलने आपल्या एका रंगास इंग्रजीत मोराचे नाव दिले. तो रंग लखलखीत आकाशी आहे, तर मराठीत ज्याला मोरपंखी म्हणतात त्यात हिरव्याची झाक असतेच. दूरध्वनीवर 'मोरपंखी नोंद पाहा' असे सांगितल्यास ऐकणारा भलत्याच नोंदीवर बोट ठेवील. म्हणून ज्यांची नावे निःसंदिग्धपणे उच्चारता येतात असेच रंग निवडावेत.

यापुढील मर्यादा अधिक गंभीर आहे. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्या रंगदृष्टीतील वैगुण्याचे वर्णन मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे मांडले, तेव्हापासून लाल-हिरव्याचा भेद न कळणाऱ्या दृष्टीचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे. या दोषाशी संबंधित जनुके क्ष गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे. लोकसमूहानुसार हे प्रमाण बदलते. परंतु ते यापेक्षा कमी धरले, तरी शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी मिळून शेसव्वाशे माणसांच्या विभागात अशा काही व्यक्ती असणे हा अपवाद नव्हे. यांतील पुष्कळांना आपला दोष ठाऊक नसतो. ठाऊक असला तरी सभेत तो सांगण्याचा संकोच वाटतो. 'हिरवी नोंद निश्चित, लाल नोंद रद्द' हा संकेत अशा सहकाऱ्याच्या दृष्टीने कोऱ्या कागदासारखा असतो, आणि त्याची चूक घडल्यावर दोष मात्र त्याच्या माथी येतो.

रंगावर एकट्यावर अर्थ सोपवू नये, हा धडा वाहतुकीच्या क्षेत्राने पूर्वीच घेतला आहे. स्वीडनमधील लागरलुंडा येथे १८७५ मध्ये झालेल्या रेल्वे अपघातानंतर उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रंगदृष्टीची परीक्षा लोकरीच्या रंगीत लडींच्या साहाय्याने घेण्याची पद्धत प्रचारात आणली. तो अपघात खरोखर रंगदृष्टीच्या दोषामुळे घडला काय, याविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. तथापि त्या निमित्ताने प्रश्नाची जाणीव सर्वत्र झाली. रेल्वेच्या जुन्या सिग्नलांत रात्रीच्या दिव्याच्या रंगाबरोबर दिवसा हाताची स्थितीही अर्थ सांगत असे, आणि चौकातील उभ्या दिव्यांत लाल नेहमी वरच असतो. जागा आणि रंग दोन्ही एकच गोष्ट सांगतात, म्हणून एकाने दगा दिला तरी दुसरा उरतो. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळ-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही, माहिती पोचविण्याचे एकमेव दृश्य साधन म्हणून रंग वापरू नये, हा नियम अगदी प्राथमिक पातळीवर घातलेला आहे.

याच तत्त्वांत अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील भेदाचे किमान गुणोत्तर ४.५ : १ असे दिलेले आहे. पडद्यावरील शुद्ध निळ्या रंगावर पांढरी अक्षरे असल्यास हे गुणोत्तर सुमारे ८.६ येते. शुद्ध लालावर ते ४ च्या आसपासच राहते, आणि शुद्ध पिवळ्यावर जेमतेम १.०७ भरते. म्हणजे पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली नोंद निर्दोष दृष्टीच्या माणसालाही वाचता येत नाही. प्रचलित सेवा अक्षरांचा रंग पुष्कळदा आपोआप जुळवून घेतात. तरीही रंग निवडताना हे अंतर ध्यानात असावे.

४. एका कल्पित विभागाचे उदाहरण

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे लागू पडते, हे पाहण्यासाठी एका पदव्युत्तर विभागाची कल्पना करता येईल. या विभागाची एकच सामायिक दिनदर्शिका आहे आणि तीत सर्वांना नोंद करण्याचा अधिकार आहे. एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेची तारीख ठरते. कार्यालयातील कर्मचारी 'प्रबंध' एवढेच शीर्षक देऊन ती नोंद लाल करतो. कारण ही तारीख बदलता येणार नाही, असे त्याला सुचवायचे आहे. मार्गदर्शक ती नोंद मोबाईलवर पाहतात. तेथे महिन्याच्या दृश्यात केवळ एक बारीक लाल ठिपका दिसतो, आणि शेजारच्या सुट्टीच्या ठिपक्यापासून तो वेगळा ओळखू येत नाही. दुसरे एक प्राध्यापक विभागाच्या दिनदर्शिकेचा दुवा आपल्या वेगळ्या दिनदर्शिकेत जोडून ठेवतात. तेथे सर्वच नोंदी एका रंगात उतरतात. तिसरे सूचनाफलकावर लावलेली कृष्णधवल छापील प्रत वाचतात, आणि तिच्यात लाल व हिरवा दोन्ही सारखेच करडे झालेले असतात. बाह्य परीक्षक दुसऱ्या गावाहून यावयाचे, समितीचे सदस्य जमावयाचे, आणि ऐनवेळी त्यांपैकी एक वर्गात शिकवीत असल्याचे आढळावयाचे! येथे कोणीही नियम मोडलेला नाही. प्रत्येकाने समोर दिसले ते प्रामाणिकपणे वाचले. तरीही अनेक वर्षांच्या परिश्रमांचा निकाल ज्या दिवशी लागावयाचा, तो दिवस एका रंगाच्या भरवशावर सोडला गेला.

हीच नोंद दुसऱ्या पद्धतीने करता येते. एका दिनदर्शिकेऐवजी विभाग पाच दिनदर्शिका ठेवतो : अध्यापन, परीक्षा, संशोधन, सभा आणि सुट्ट्या. प्रत्येक नोंदीचे शीर्षक त्या प्रकाराच्या नावाने सुरू होते. उपर्युक्त नोंद 'परीक्षा : पीएच.डी. मौखिकी, तारीख निश्चित' अशी लिहिली जाते. स्थळ स्थळाच्या रकान्यात आणि समितीचे सदस्य निमंत्रितांच्या यादीत जातात. रंगांविषयी विभाग केवळ शिफारस करतो : अध्यापनास आकाशी, परीक्षांना गडद निळा, संशोधनास नारिंगी, सभांना राखाडी आणि सुट्ट्यांना लाल. आकाशी आणि गडद निळा यांत उजळपणाचा भेद स्पष्ट आहे. नारिंगी आणि निळा यांची जोडी लाल-हिरव्याचा भेद न कळणाऱ्या दृष्टीलाही बहुधा ओळखू येते. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सर्वांना सुलभ व्हावी म्हणून जी आठ रंगांची योजना सुचविली, तीतही या दोन्ही रंगांना स्थान आहे. लाल आणि नारिंगी यांत घोटाळा होण्याचा संभव उरतो. परंतु सुट्टी ही पूर्ण दिवसाची नोंद असल्यामुळे दिवसाच्या व आठवड्याच्या दृश्यात ती वरच्या पट्टीत दिसते, आणि जागेचा भेद रंगाच्या मदतीस येतो.

या दुसऱ्या पद्धतीत मोबाईलवरील ठिपका, जोडलेला दुवा आणि सूचनाफलकावरची प्रत या तिन्ही ठिकाणी रंग हरवला तरी 'परीक्षा' हा शब्द हरवत नाही. रंग दिसला तर शोधणे जलद होते. न दिसला तर केवळ वेग कमी होतो, अर्थ जात नाही.

५. व्यवस्था आणि अधिकार

रंगाची योजना आखण्यापेक्षा ती टिकविणे कठीण असते. अनेकांना नोंदीचा अधिकार असलेल्या दिनदर्शिकेत प्रत्येक जण आपापल्या सोयीने एखादा नवा संकेत जोडतो आणि वर्षअखेर मूळ योजना ओळखू येईनाशी होते. यावर पहिला उपाय असा की, योजनेची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी आणि संकेतांचा तक्ता दिनदर्शिकेच्या वर्णनाच्या जागेतच लिहिलेला असावा. वेगळ्या कागदावर ठेवलेला तक्ता नव्याने आलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा उपाय कालमर्यादेचा. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर कोणत्याही रंगाचा किंवा वर्गनामाचा अर्थ बदलू नये. बदल करणे आवश्यकच असेल तर तो नव्या वर्षाच्या आरंभी करावा. याचे कारण असे की, सुट्या नोंदीला दिलेला रंग जुन्या नोंदींवर तसाच राहतो. मागील वर्षी पिवळा चर्चासत्रांसाठी होता आणि यंदा तो पर्यवेक्षणासाठी ठरला, तर विभागाच्या कामाचा अहवाल तयार करणारा पुढील काळातील माणूस जुनी चर्चासत्रे पर्यवेक्षणात मोजील. दिनदर्शिका ही आज योजनेचे साधन असते; काही वर्षांनी ती अभिलेख बनते. अभिलेखात अर्थ शब्दांनी नोंदलेला असावा लागतो.

तिसरा मुद्दा खासगीपणाचा आहे. रजेच्या निरनिराळ्या कारणांना निरनिराळे रंग देण्याची सूचना कधी कधी सोयीची वाटते. परंतु शीर्षकात 'रजा' एवढेच लिहून जे झाकले, ते वैद्यकीय रजेचा वेगळा रंग उघड करून टाकतो. जी गोष्ट शब्दांत लिहिणे उचित नाही, ती रंगाने सांगणेही उचित नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रंगावरील अधिकाराचा. गूगलच्या योजनेत दिनदर्शिकेचा रंग पाहणाऱ्याच्या खासगी यादीत असतो, हे वर दोष म्हणून दिसले. परंतु अर्थ एकदा नावांत सुरक्षित झाला की, हाच दोष गुण ठरतो. ज्या प्राध्यापकांना नारिंगी आणि हिरवा सारखे दिसतात, ते आपल्या पडद्यावर संशोधनास जांभळा रंग देऊ शकतात आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाचेही काही बिघडत नाही. आउटलुकमध्येही वर्गनामे समान ठेवून प्रत्येकाने आपल्या सूचीत हवा तो रंग निवडावा. याउलट सुट्या नोंदीला दिलेला रंग नोंदीबरोबर राहतो, दिनदर्शिकेच्या रंगाला झाकून टाकतो आणि पाहणाऱ्याचे हे स्वातंत्र्य हिरावून घेतो. म्हणून सामायिक दिनदर्शिकेत रंग दिनदर्शिकेस द्यावा, सुट्या नोंदीस देऊ नये, हा नियम शक्य तितका कटाक्षाने पाळावा. सर्वांच्या पडद्यावर एकच रंग असावा असा आग्रह धरणे तांत्रिकदृष्ट्या कठीण तर आहेच, पण तो अनावश्यक आणि काहींना अन्यायकारकही आहे.

योजना योग्य आहे की नाही, हे ठरविण्याची कसोटी साधी आहे. एका आठवड्याची दिनदर्शिका कृष्णधवल छापावी आणि विभागात नव्याने आलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावी. तिला परीक्षा कोणती, सभा कोणती, आणि बदलू न शकणारी तारीख कोणती, हे सांगता आले तर रंग आपल्या मर्यादेत काम करीत आहेत असे समजावे. सांगता आले नाही, तर जे शब्दांत लिहावयास हवे होते ते रंगावर सोडले गेले आहे, असा निष्कर्ष निघतो.

सारांश, सामायिक दिनदर्शिकेत सामायिक असतात ते शब्द. रंग ही प्रत्येक पाहणाऱ्याची आपापली सोय असते. विभाजनाचे एकच तत्त्व, मोजके रंग, प्रकाराच्या नावाने सुरू होणारी शीर्षके, वर्षभर न बदलणारी वर्गनामे आणि रंगनिवडीचे वैयक्तिक स्वातंत्र्य या पाच गोष्टी सांभाळल्या, तर रंग शोधण्याचा वेळ वाचवितो आणि त्याच्या अभावी कोणाचेही महत्त्वाचे काम अडत नाही.